दीड आटा हवा

जळगावहून धुळ्याला जायला एसटी दर तासाला होती. हे आधीच सांगून टाकते, कारण ही हकिकत ऐकणारा प्रत्येक जण पहिल्यांदा तेच विचारतो. एसटीनं गेले असते तर अडीच तासांत, केस न विस्कटता पोहोचले असते. मोटारसायकलवरून गेले म्हणून मला खानदेश कळला असंही नाही. आपल्याला काय काय कळत नाही, एवढं मात्र नीट कळलं.

आम्ही वाईचे. अठ्ठ्याऐंशी साली शरदची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, बँकेतून जळगावला बदली झाली आणि वाईच्या शाळेतली माझी मराठी शिकवण्याची नोकरी सुटली. सहा महिने मी जळगावात घरी बसून होते आणि चिडचिडत होते. अशात धुळ्याच्या एका कॉलेजातून मुलाखतीचं पत्र आलं: मराठीच्या अधिव्याख्यात्याची जागा, सोमवारी सकाळी अकरा वाजता. ही नोकरी मिळाली तर मी रोज एसटीनं अप-डाउन करणार होते. नाही मिळाली तर जूनपासून वाईच्या शाळेत परत जाणार होते, कारण तिथल्या मुख्याध्यापिका बाईंनी माझी जागा तोवर धरून ठेवली होती. म्हणजे मी वाईला आणि शरद जळगावला. आम्ही दोघंही हे मोठ्यानं बोलत नव्हतो, पण रोज रात्रीच्या जेवणात ते ताटात वाढल्यासारखं असायचं.

शरदनं नुकतीच एक जुनी, टू-स्ट्रोक मोटारसायकल घेतली होती. "तुझी नोकरी माझ्या बदलीपायी गेली," तो म्हणाला, "तर दुसऱ्या नोकरीला मीच तुला घेऊन जाणार." यावर काय बोलणार? मी हो म्हटलं. गाडी तेव्हा काळा धूर सोडायची, चढावर खोकायची आणि पेट्रोल उसाच्या रसासारखं प्यायची, हे मला माहीत होतं.

रविवार, असोदा

गाडीला काय झालंय ते आम्ही आधी पेट्रोल पंपावर विचारलं. पंपावरचा माणूस म्हणाला, मिक्श्चर जास्ती आहे. पंपावर मिक्श्चर म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल. शरदच्या बँकेतला शिपाईही म्हणाला, मिक्श्चर बघून घ्या. त्याच्या मते ते पेट्रोल आणि हवेचं. मला मिक्श्चर म्हणजे फक्त फरसाणाच्या दुकानातलं ठाऊक. आम्ही तिघं एकच शब्द बोलत तीन वेगळ्या गावांना निघालो होतो. शेवटी कुणीतरी जळगावजवळच्या असोद्याच्या सुपडूभाऊंचं नाव सांगितलं.

सुपडूभाऊ खरे केळीचे बागायतदार. विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करता करता मोटारसायकलीत शिरलेले. अंगणातच त्यांनी गाडी उभी केली, प्लग काढला आणि तो शरदच्या नाकापुढे धरला.

"पाहा भाऊ, प्लग कसा काया झाला!"

काया म्हणजे देह, असं मी आयुष्यभर समजत आले. दोन क्षण विचार केला आणि मग डोक्यात दिवा लागला: काळा! इथे 'ळ'चा 'य' होतो. केळीला केयी, डोळ्याला डोया. पाण्याला पानी म्हणतात ते मी आल्या दिवसापासून ऐकत होतेच. मी पिशवीतून वही काढली आणि लिहून घेतलं: 'ळ'चा 'य', 'ण'चा 'न'. माझे वडील वाईला मराठीचे मास्तर होते. तांबडी पेन्सिल कानावर ठेवून जेवायला बसायचे. मी त्यांची लेक. दुसऱ्याचं बोलणं मनातल्या मनात शुद्ध करून घ्यायची मला सवयच आहे, आणि या सवयीचा मला तेव्हा अभिमानही होता.

सुपडूभाऊंनी कार्बोरेटर खोलला, पेट्रोलनं धुतला, फुंकला, परत बसवला. "गाडीले हवा कमी पडू राह्यली," ते म्हणाले. पण नेमका तेवढ्यात केळी भरायला ट्रक आला आणि त्यांना बागेकडे जावं लागलं. जाता जाता ओरडून सांगितलं, "थंड्या गाडीवर नका करजा! उद्या गाडी चांगली गरम झाली का मंग हवा वाढवजा थोडी!"

शरदनं मान डोलावली. नवरा ज्या ठामपणे मान डोलावतो त्यावरून त्याला काहीच कळलेलं नाही हे बायकोला समजायला हवं, पण मी माझ्या वहीत गुंतले होते.

सुपडूभाऊंच्या आईनं, अक्कांनी, आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. हिवाळा असल्यानं अंगणातच कपाशीच्या वाळक्या काड्यांवर हिरवी, पांढुरकी, हातभर वांगी भाजली होती. ती लाकडी बडगीत ठेचून, हिरव्या मिरचीत घोटून त्यांनी भरीत केलं. सोबत कळण्याची भाकरी, तीत ज्वारीबरोबर उडीद दळलेले. आमच्याकडे भरतात दही घालतात, तेव्हा मी सहज विचारलं, "दही आहे का?"

अक्का माझ्याकडे पाहतच राहिल्या. मग सुनेला म्हणाल्या, "पोरीले तिखट लागलं वाटते वं, पानी दे."

मी पाणी प्यायले. भरीत इतकं चांगलं होतं की दह्याचा विषय मी पुन्हा आजपर्यंत कुठे काढलेला नाही.

सोमवार सकाळ, एरंडोल ते मुकटी

साडेसहाला निघालो. खानदेशात ऊन भाजतं हे सगळे सांगतात, हिवाळ्यातली सकाळ बोटं कापते हे कुणी सांगत नाही. मी इस्त्रीच्या साडीवर शरदचा स्वेटर, त्यावर शाल आणि मांडीवर प्रमाणपत्रांची फाइल अशी बसले होते. पाळधीपर्यंत दोन्ही बाजूंना केळीच्या बागा होत्या, त्यातून ओल्या पाल्याचा वास यायचा. पुढे बागा विरळ झाल्या आणि कपाशीची काळी रानं सुरू झाली. कापसानं फुगलेले ट्रक समोरून येत आणि आम्हाला बाजूला सरकायला लावत. रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस अडकून राहिला होता. आमच्याकडे उसाच्या गाड्यांमागे पोरं धावतात, इथे झाडंच वाटेत हात मारून घेतात असं मला वाटलं.

एरंडोलच्या आधी गाडी मिस मारायला लागली. धूर सुरू झाला. शरदनं गाडी थांबवली, इंजिनाला बोट लावून चटकन मागे घेतलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"गाडी गरम झाली! सुपडूभाऊ काय म्हणाले होते? गरम झाली की हवा वाढवा!"

समोर सायकलचं दुकान होतं. त्यानं दोन्ही चाकांत हवा भरून घेतली. दुकानदार म्हणाला, बस झाली. शरद म्हणाला, अजून थोडी. चाकं दगडासारखी झाली. मी तिथेच उभी होते, भज्यांचा वास घेत होते आणि मनात मुलाखतीची उत्तरं घोकत होते. मला त्यात काही वावगं दिसलं नाही, हे कबूल करते.

त्यानंतर पारोळ्यापर्यंत आम्ही रस्त्यावर कमी आणि हवेत जास्त होतो. प्रत्येक खड्ड्याला माझी फाइल उडायची. पारोळ्याचा किल्ला मी पाहिला, पण वरखाली होताना पाहिल्यानं त्याला किती बुरूज आहेत ते सांगता येणार नाही. धूर तसाच. शेवटी मुकटीच्या फाट्याजवळ गाडी तीनदा खोकली आणि गप्प झाली. सव्वानऊ वाजले होते. धुळं अजून सहज वीस-पंचवीस किलोमीटर लांब होतं.

समोर एका पत्र्यावर निळ्या रंगात लिहिलं होतं: 'दगा ऑटो गॅरेज'.

"इथं गाडी द्यायची?" शरद म्हणाला. "निदान सांगून करतायत," मी म्हटलं. नंतर कळलं की दगा हे या भागातलं साधं, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं नाव आहे. दगाभाऊ बाहेर आले. पन्नाशीचे, उंच, पांढरा सदरा कोपरापर्यंत काळा झालेला. बोलणं अगदी मोजकं.

"काय व्हयनं?"

शरदनं सांगितलं. दगाभाऊंनी प्लग काढला. "काया कुट्ट शे. गाडीले हवाच भेटी नही ऱ्हायनी."

"कशी भेटत नाही?" शरद चिडला. "एरंडोलला आत्ताच भरलीय!"

दगाभाऊंनी चाकावर थाप मारली. टणक आवाज आला. त्यांनी शरदकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, "हाई टायरनी हवा, दादा. मी कारबेटरनी हवा सांगी ऱ्हायनू."

आणि ते दोन्ही चाकांतली जास्तीची हवा सोडायला बसले. फुस्स असा आवाज खूप वेळ येत राहिला. शरद रस्त्याकडे तोंड करून उभा होता. मला त्याची दया आली आणि हसूही आलं, आणि दोन्ही दाबताना मला ठसका लागला.

मग दगाभाऊंनी माझ्या हातात एक छोटा पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, धरायला दिला आणि कार्बोरेटरच्या कुशीतला एक बारीक, पितळी स्क्रू दाखवला. "फिट करा ते पेट्रोल जास्ती, सोडा ते हवा जास्ती." एवढंच. इतके दिवस ज्याच्यासाठी आम्ही गावं पालथी घालत होतो ते एवढंसं. त्यांनी गाडी चालू करून गरम होऊ दिली, माझ्याकडून पेचकस घेतला, स्क्रू पूर्ण आवळला, मग बोटानं मोजत एक आटा, म्हणजे एक पूर्ण फेरा, सोडला, आणखी अर्धा सोडला. मान तिरकी करून ऐकत राहिले. गाडीचा घरघराट हळूहळू स्वच्छ झाला, म्हणजे असं मला आज वाटतं. तेव्हा मला आधीचा आणि नंतरचा आवाज सारखाच ऐकू आला. पेचकस त्यांनी परत माझ्या हातात दिला आणि म्हणाले,

"हवा उनी. जा आते."

तेवढ्यात एक ट्रक येऊन थांबला आणि ते त्याच्याखाली शिरले.

आम्ही निघालो. दहाला दहा मिनिटं कमी होती. मी मागे बसून हरखून गेले होते. हवा उणी! 'उणी' म्हणजे कमी. आमच्या शहरी मराठीत हा शब्द फक्त बेरीज-वजाबाकीत उरलाय आणि इथे एक मेकॅनिक तो सहज बोलतो. 'ण'चा 'न' करून बोलतो, पण ते मी दुरुस्त करून घेतलंच होतं. मुलाखतीत हे सांगायचं, जुनी मराठी खेड्यात कशी जिवंत आहे. मी वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं.

मग लक्षात आलं की हवा उणी असेल तर गाडी पुन्हा बंद पडणार.

"शरद, थांब. ते म्हणाले हवा अजून कमी आहे."

"मग त्यांनी वाढवली का नाही?"

"अरे, सुपडूभाऊ काय म्हणाले? गाडी चांगली गरम झाली की वाढवा. आता झाली असेल. म्हणून तर त्यांनी पेचकस दिला आपल्याला!"

पेचकस खरंच माझ्या मुठीत होता. शरदनं चाकांच्या प्रकरणानंतर स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास गमावलेला होता. "तू बघ बाई," तो म्हणाला. "भाषा तुझी आहे."

मी पदर खोचला, रस्त्याकडेला बसले आणि स्क्रू सोडला. एक आटा. आणखी एक. मुलाखतीला जायचंय, कमी नको, म्हणून आणखी अर्धा.

फागण्याच्या अलीकडे

गाडी दोन किलोमीटर अशी पळाली की मी स्वतःवर खूश झाले. मग तिला शिंका यायला लागल्या. कार्बोरेटरमधून फट्‌ फट्‌ आवाज येऊन ती चटके बसतील इतकी तापली आणि एका निंबाखाली मेली. शरदनं किक मारून मारून घामानं मफलर काढला. सव्वादहा झाले. शेजारून एक एसटी धुळ्याकडे गेली. आम्ही दोघांनी हात केला, पण गच्च भरलेली होती, थांबली नाही.

मी दगडावर बसले आणि रडायला लागले. वाईच्या शाळेचा व्हरांडा मला दिसत होता, आणि जळगावात एकटा शरद, शेजारच्या खानावळीचा डबा उघडून बसलेला. मी त्याला म्हटलं, "मला जायचं नाहीये वाईला." हे मी सहा महिन्यांत पहिल्यांदा बोलले. तो माझ्या शेजारी बसला. म्हणाला, "मलाही तू जायला नकोयस." आम्ही इतकं महत्त्वाचं बोलत होतो आणि दोघांचंही लक्ष घड्याळाकडे होतं.

तेवढ्यात मागून मोपेडचा आवाज आला. सदऱ्याची काळी कोपरं मी लांबूनच ओळखली. दगाभाऊ थांबले आणि म्हणाले,

"ताई, मन्हा पेचकस तुम्हनाजोडे राही गया."

मी मुकाट्यानं तो पुढे केला. तो घेता घेता त्यांची नजर गाडीवर गेली. ते वाकले. पितळी स्क्रू शेवटच्या आट्यावर लोंबत होता.

"हाऊ स्क्रू कोनी फिरावा?"

"मी," मी म्हटलं. "तुम्हीच म्हणालात, हवा उणी आहे."

"हां. उनी."

"उणी, म्हणून मी वाढवली."

दगाभाऊंनी मान तिरकी केली. माणूस जसा न दिसणारा बिघाड शोधतो, तसे ते माझं वाक्य तपासत होते. मग म्हणाले, "ताई, पाव्हना उना. एसटी उनी. पानी उनं. तशी हवा उनी. उनी म्हंजे..." त्यांनी हातानं आपल्याकडे येण्याची खूण केली. "आली! आली, तुम्हना भाषामा!"

हवा आली होती. जेवढी हवी तेवढी आली होती. आणि मी शब्दाला 'ण' लावून तिला कमी केलं होतं.

"मंग तुम्हनी उणी म्हंजे काय?" त्यांनी 'ण' म्हणायचा प्रयत्न केला, तो 'न'च आला.

"कमी."

"कमीले आम्ही कमीच म्हंतस, ताई."

शरद हसायला लागला. एरंडोलपासून त्याला हसायची संधी हवीच होती. दगाभाऊही हसले आणि शेवटी मीही हसले, नाक पुसत. त्यांनी गाडी निंबाच्या सावलीत निवू दिली, प्लग पुसला, स्क्रू आवळला, एक आटा, अर्धा आटा. मान तिरकी केली. या वेळी मला फरक ऐकू आला: आधी गाडी अडखळत बोलत होती, आता सलग बोलत होती.

"उनी?" मी विचारलं.

"उनी," ते म्हणाले, आणि पेचकस स्वतःच्या खिशात नीट खोल ढकलला.

धुळे

अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी कॉलेजात पोहोचले. शिपाई म्हणाला, तुमचं नाव दोनदा पुकारलं. मग माझ्या काळ्या झालेल्या हातांकडे बघून, काही न विचारता, त्यानं मला नळाकडे नेलं आणि साबणाची वडी दिली. सगळ्यांच्या शेवटी मला आत बोलावलं.

प्राचार्यांनी उशिराचं कारण विचारलं. मी उत्तर जुळवून आणलं नव्हतं, म्हणून खरं ते सांगितलं: चाकातली हवा, कार्बोरेटरची हवा, उनी आणि उणी. जुन्या मराठीबद्दलचं माझं सुंदर वाक्य अर्थातच बाद झालं होतं. बोलून झालं तेव्हा खोलीत कुणीच हसलं नाही, आणि मला वाटलं, संपलं.

बाहेरून आलेले एक वयस्कर प्राध्यापक चष्मा पुसत होते. ते म्हणाले, "इकडची निम्मी मुलं घरी अहिराणी बोलतात. उद्या एखाद्यानं निबंधात लिहिलं, 'पाहुणा उना', तर तुम्ही काय कराल?"

"सकाळी दहापर्यंत मला याचं उत्तर येत होतं," मी म्हटलं. "तांबड्या पेन्सिलीनं खोडून 'उणा' केलं असतं, आणि आलेला पाहुणा कमी झाला असता. आता काय करीन ते नक्की सांगता येत नाही. आधी त्याला विचारीन, तुला काय म्हणायचंय."

त्यांनी "बरं" म्हटलं. हे 'बरं' चांगलं की वाईट, ते मला कळलं नाही. शरदनं बाहेर विचारलं तेव्हा मी तसंच सांगितलं. मग आम्ही एका हॉटेलात तर्रीदार शेवभाजी खाल्ली. ती तिखट होती की मला रडू येत होतं, तेही नीटसं कळलं नाही.

परतताना मुकटीला थांबलो. दगाभाऊंनी गाडीचा आवाज ऐकला, मान हलवली आणि मला विचारलं, "नोकरी उनी का, ताई?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "कळवणार आहेत."

तीन आठवड्यांनंतर, मुकटी फाटा

रुजू व्हायला मी एसटीनं गेले. शरदनं गाडीचं नाव काढलं होतं, पण मी खिडकीजवळची जागाच बरी म्हटलं. मुकटीच्या फाट्यावर उतारू घ्यायला गाडी थांबली. खिडकीतून निळ्या अक्षरांचा पत्रा दिसला आणि मी सगळ्या एसटीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "दगाभाऊ!"

ते एका स्कूटरमागून उठले. हात पुसत खिडकीखाली आले. मला ओळखलं, हसले आणि काही तरी विचारायला तोंड उघडून थांबले. मग जीभ टाळूला लावून, ओठ ताणून, पहिलीतलं मूल जोडाक्षर वाचतं तसं सावकाश त्यांनी विचारलं,

"नोकरी... उनी, का उ... णी?"

'ण' अगदी शुद्ध आला होता. माझ्या वडिलांनीसुद्धा पेन्सिल कानावरून काढली नसती. तीन आठवडे हा माणूस केव्हा तरी, कुठल्या तरी इंजिनाशी बोलताना, माझ्यासाठी तो 'ण' घोकत होता.

कंडक्टरनं घंटी मारली. मला काय काय बोलायचं होतं, पण गाडी हलली.

"उनी, भाऊ!" मी खिडकीतून ओरडले. "उनी!"